आम्हाला घंटाच पाहिजे

मुंबईच्या कुठल्याही वस्तीत 'घंटा' म्हणजे काय हे सांगायला नको. मिल बंद पडली, कामगाराला काय मिळालं? घंटा. मंत्री हात हलवून गेला, नळाला पाणी आलं? घंटा. म्हणून घाटकोपरच्या पोरांना मी म्हटलं, आज 'अ बेल फॉर ॲडानो' नावाचा जुना पिक्चर बघू, एका गावाला घंटा पाहिजे असते त्याची गोष्ट आहे, तर पोरं खदाखदा हसली. एक म्हणाला, "भावा, आपल्याला तर रोजच मिळते. वेगळा पिक्चर कशाला?"

हसून झालं आणि बसली. विहाराच्या मागची खोली, एकाचा जुना लॅपटॉप, आम्ही नऊ जण. पिक्चर संपला तेव्हा कोणी हसत नव्हतं. मग जे भांडण जुंपलं ते रात्री दीडपर्यंत चाललं. या लेखात त्या भांडणातली माझी बाजू आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं, तोंड बांधून बसू नये.

गोष्ट थोडक्यात अशी. १९४३ साल. सिसिली बेटावर अमेरिकन फौज उतरते, मुसोलिनीची माणसं पळून जातात. ॲडानो नावाच्या बंदरगावाचा कारभार बघायला मेजर जोपोलो येतो. रक्तानं इटालियन, वाढलेला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. गावाची दशा म्हणजे पोटाला पाव नाही, भिंती फुटलेल्या, कोळ्यांना समुद्रात जायची बंदी. मेजर खुर्चीत बसतो आणि गावच्या माणसांना विचारतो, सगळ्यात आधी काय पाहिजे? एक म्हणतो भाकर. दुसरा म्हणतो, नाही, आधी घंटा. सातशे वर्षांची जुनी घंटा होती नगरभवनावर. मुसोलिनीनं ती उतरवून नेली आणि बंदुका करायला वितळवली. त्या घंटेवर गाव उठायचं, कामाला जायचं, जेवायचं. घंटा गेली आणि गावाला आपली वेळच राहिली नाही.

पुढं एक जनरल मोटारीतून येतो. रस्त्यात खेचराची गाडी आडवी, गाडीवाला पेंगलेला. जनरलचं डोकं फिरतं. गाडी रस्त्याबाहेर फेकून देतो, खेचराला गोळी घालतो आणि हुकूम सोडतो की आजपासून गावात एकही गाडी येता कामा नये. गाव पाणी पितं ते याच गाड्यांवर आणलेलं. धान्य येतं तेही यांच्यावरच. मेजर दोन-चार दिवस बघतो आणि वरच्याचा हुकूम मोडून गाड्या आत सोडतो. मग नौदलाच्या अधिकाऱ्यांना गळ घालून एका लढाऊ जहाजाची घंटा मिळवतो. घंटा गावात येते आणि तिकडं त्याच्या बदलीचा कागद येतो. हुकूम मोडला ना! गाव सोडून जाताना त्याला मागं घंटा ऐकू येते. खेळ खलास.

कादंबरी जॉन हर्सीची, १९४४ची, तिला १९४५ साली पुलित्झर मिळालं. सिनेमा त्याच वर्षी हेन्री किंगनं काढला. मेजरचं काम जॉन होडियाकनं केलंय, कोळ्याची पोर झालीय जीन टियर्नी. ॲडानो हे नाव खोटं, गाव खरं आहे. सिसिलीतलं लिकाता, तिथं अमेरिकन फौज १० जुलै १९४३ला उतरली. तिथला कारभार बघणारा मेजर फ्रँक टोस्कानी हाही खरा माणूस. हर्सी बातमीदार म्हणून तिथं गेला होता. हाच हर्सी १९४६ साली हिरोशिमावर लिहितो, आपल्याच देशाच्या बॉम्बखाली भाजलेल्या माणसांबद्दल. म्हणजे माणूस लबाड नव्हता. तरी पिक्चरबद्दल माझं भांडण आहे, ते पुढं सांगतो.

आधी आमच्या खोलीतलं भांडण. निम्मी पोरं म्हणाली, "येडे आहेत का हे लोक? पोटात काही नाही आणि घंटा मागतायत." लाल झेंड्याकडं झुकलेला एक मित्र आहे, तो म्हणाला, "आधी भाकर. भाकर मिळाली की घंटा आपोआप वाजते."

मित्रा, तुझा हा वग आम्ही आज्यापासून ऐकतोय. आधी भाकर, जातीचं नंतर. आधी क्रांती, तुमच्या अपमानाचं नंतर. बरं, भाकर तरी दिली का कोणी? भाकरीच्या नावानं आम्हाला गप्प बसवलं, आणि घंटेच्या नावानं हसले.

ॲडानोची घंटा बघून जगाचे डोळे ओले झाले. बक्षिसं दिली. अरेरे, बिचाऱ्यांची सातशे वर्षांची घंटा! कोणी नाही म्हणालं की ही इटालियन माणसं मूर्ख आहेत, यांना पाव मागता येत नाही. उलट म्हणाले, बघा, माणूस नुसत्या पावावर जगत नाही. आणि आम्ही मागितलं तेव्हा? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, एवढंच म्हणत होतो. विधिमंडळानं २७ जुलै १९७८ला ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली, माणसं मारली. पोचीराम कांबळेला मारलं. तेव्हा शहाणे लोक काय म्हणत होते? नावानं पोट भरतं का? नावात काय आहे? नावात काही नव्हतं तर घरं कशासाठी जाळलीत रे? नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. ॲडानोच्या घंटेला पिक्चरमध्ये दोन तासही लागत नाहीत.

आमची घंटा ही अशी आहे. कधी ती नाव असते, कधी पुतळा असते. घाटकोपरच्या हायवेवरनं जाणाऱ्याला रमाबाई नगरातला पुतळा म्हणजे एक निळा कोट दिसतो, वर केलेलं बोट दिसतं, बास. आत राहणाऱ्याला विचारा. लग्नाची वरात तिथं थांबते. दहावी पास झालेली पोरगी आधी तिथं फूल ठेवते, मग घरी पेढा देते. मयत तिथनंच जाते. वस्तीची वेळ त्या पुतळ्यावर चालते, सातशे वर्षांची नसली तरी.

११ जुलै १९९७च्या पहाटे त्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि दहा माणसं मेली. टँकर पेटवत होते म्हणून गोळीबार केला, असं कारण सांगितलं गेलं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते कारण पटलं नाही. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली ती २००९ साली, बारा वर्षांनी. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. ज्यानं आयुष्यभर भाकरीची गाणी गायली, लाल झेंड्याखाली गायली, तो माणूस जाताना डोक्याला निळी पट्टी बांधून गेला. आनंद पटवर्धनांनी २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' काढला तो इथनं सुरू होतो. बघितला नसेल तर बघा. आणि मग मला सांगा, आधी भाकर की आधी घंटा. ज्या माणसाला दोन्ही पाहिजे होतं त्याचं काय झालं ते सांगा.

म्हणून मी त्या रात्री ॲडानोच्या म्हाताऱ्याच्या बाजूनं उभा राहिलो. तो येडा नाही. भाकर कोणीही टाकू शकतो, लष्करही टाकतं, शेटजीही टाकतो, निवडणुकीच्या आधल्या रात्री नगरसेवकही टाकतो. भाकर खाल्ली की संपते आणि टाकणाऱ्याचा हात वरच राहतो. घंटा संपत नाही. ती वाजली की गाव म्हणतं, आम्ही इथले. हे आमचं.

इथवर पिक्चर माझा आहे. आता भांडण.

घंटा दिली कोणी? अमेरिकन नौदलानं. किती छान. आता त्याच नौदलाची दुसरी गोष्ट ऐका, जी पिक्चरमध्ये नाही. मी गोदीत माल उतरवतो म्हणून ती गोष्ट माझ्या छातीत रुतलीय. कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागो नावाचा नौदलाचा धक्का होता. तिथं जहाजात बॉम्ब आणि दारूगोळा भरायचं काम. भरणारे सगळे काळे, त्यांच्यावरचे अधिकारी सगळे गोरे. दारूगोळा कसा हाताळायचा याचं धड शिक्षण नाही. उलट कुठली टोळी जास्त भरते याची शर्यत. १७ जुलै १९४४च्या रात्री धक्का उडाला. ३२० माणसं मेली, त्यातली २०२ काळी. तीन आठवड्यांनी वाचलेल्यांना सांगितलं, चला, परत भरायला लागा. २५८ जण म्हणाले, नाही. त्यातल्या पन्नास जणांवर बंडाचा खटला भरला आणि पन्नासही जणांना दोषी ठरवून तुरुंगात टाकलं. त्यांच्या बाजूनं लढायला आलेला वकील थर्गुड मार्शल, जो पुढं १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायाधीश झाला.

आता तारखा जुळवा. १९४५ साली अमेरिकेच्या थेटरांत 'अ बेल फॉर ॲडानो' चालू होता, नौदल गावाला घंटा देत होतं, पब्लिक रुमालानं डोळे पुसत होतं. त्याच वेळी ते पन्नास जण त्याच नौदलाच्या कैदेत होते. बहुतेकांची सुटका झाली जानेवारी १९४६मध्ये. आणि नौदलानं त्यांना निर्दोष म्हटलं १७ जुलै २०२४ला. ऐंशी वर्षांनी. तोवर पन्नासातला एकही जिवंत नव्हता.

जी फौज सिसिलीत लोकशाही शिकवायला गेली, तिच्यात काळ्या शिपायाची पलटण वेगळी, राहायची जागा वेगळी, जेवणाचं टेबल वेगळं. ट्रुमननं हुकूम काढला तो २६ जुलै १९४८ला, लढाई संपून तीन वर्षं झाल्यावर. पिक्चरमधला मेजर गावच्या अधिकाऱ्यांना सांगतो की सरकारी माणूस हा लोकांचा नोकर. ऐकायला बरं वाटतं. पण बंदरात जहाजं रिकामी करणारा तो काळा शिपाई या व्याख्येत कुठं बसतो? पिक्चर त्याच्याकडं वळूनही बघत नाही. आपल्या गावातही असंच असतं. गाव म्हणजे वेशीच्या आतलं. वेशीबाहेर जे आहे त्याला गाव म्हणत नाहीत.

पोर्ट शिकागोच्या तीन महिने आधी हेच आपल्याकडं झालं होतं. तारीख बघा म्हणजे अंगावर काटा येईल, १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बघत होते. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट जळत होती. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, आणि एकतीस पेट्या सोनं. दारूगोळा असलेल्या बोटीवर लाल बावटा चढवतात, तो चढवला नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला धमाका, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. मांडवी-मस्जिद बंदरच्या बाजूला आगीचे गोळे पडले. ऐंशी हजार माणसं बेघर झाली. मेलेले किती? कोणी आठशे सांगतं, कोणी तेराशे. सोन्याच्या विटा मात्र एकशे चोवीस. नग मोजून. पुढं कित्येक वर्षं गाळातनं एखादी वीट निघाली की तिची बातमी व्हायची. गाळातनं हाडं निघाली असतील त्यांची बातमी कोण करणार?

बातमी तर स्फोटाचीही नव्हती. सरकारनं महिनाभर वर्तमानपत्रांचं तोंड दाबलं. मुंबईची राख मुंबईच्या अंगावर पडत होती आणि मुंबईचा पेपर गप्प. दुसऱ्या दिवशी सविस्तर बातमी सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं.

आणि मग फौज आली. आमच्याकडं पण आली की! आठ हजार माणसं लागली, फौजेची आणि मजुरीची. सुमारे पाच लाख टन मलबा उचलला. सात महिन्यांत गोदी पुन्हा चालू. माझा पणजा त्या मलब्यात होता. घरात एवढंच सांगतात की स्फोटाच्या दिवशी त्याची पाळी नव्हती म्हणून वाचला, आणि पुढं सात महिने टोपलीत काय काय आलं ते तो कधी बोलला नाही.

फौजेनं गोदी बांधली हे खरं. पण कुणासाठी? लढाईला गोदी पाहिजे होती. बर्मा फ्रंटला माल जायचा होता. माणसाला काय पाहिजे हे विचारायला कुठला मेजर खुर्ची टाकून बसला नव्हता. गोदी उभी करायला सात महिने पुरले. गोदी कामगाराचं नाव रजिस्टरात चढायला १९४८चा कायदा आणि १९५१ची योजना यावी लागली. तोवर सकाळी दरवाजावर उभं राहायचं, टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी. रजिस्टरातलं नाव ही गोदी कामगाराची घंटा होती. ती फौजेनं दिली नाही. ती लढून घ्यावी लागली.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवशी आगीत घुसलेल्या साठाहून जास्त बंबवाल्यांसाठी. पाळलाच पाहिजे, ती माणसं मोठी होती. पण बोटीच्या पोटात, धक्क्यावर, वखारीत मेलेल्या हमालासाठी आठवड्यातला कुठला वार राखून ठेवलाय? आपण १४ एप्रिलला निळा गुलाल उधळतो, डीजे लावतो. उधळा. पण चार वाजून सहा मिनिटांनी एक मिनिट डीजे बंद ठेवायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, इटलीची गोष्ट इटलीत ठेव. बरं, इटलीतच जातो. तिथं आपली माणसंही होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचा, बावीस वर्षांचा. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आजूबाजूचे सगळे मेले किंवा जायबंदी झाले, तेव्हा एकटा मशिनगनवर धावून गेला. ती बंद पाडली आणि पडला. १० जुलै १९४४. अमेरिकन लिकातात उतरले त्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थडगं मिळालं नाही. कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. तो मराठा, मी महाराचा पोर, पण मेलेल्याची जात मी काढणार नाही. जिवंतांची मात्र भरतीत काढली जात होती ते विसरू नका. १८९०नंतर इंग्रजांनी महारांना फौजेचे दरवाजे बंद केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ला महारांची पलटण काढली, आणि लढाई संपल्यावर १९२१ला मोडून टाकली. पुन्हा बाबासाहेब मागं लागले तेव्हा कुठं १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणीचं नाव हीदेखील घंटाच.

तर इटलीत मोंतोने नावाचं छोटं गाव आहे, पेरुजियाजवळ. त्या गावानं २०२३च्या जुलैत यशवंत घाडगेंचं स्मारक उभारलं. काय उभारलं माहीत आहे? सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. परक्या मुलखातनं येऊन मेलेल्या पोरासाठी गावानं पुतळा नाही, तोफ नाही, वेळ सांगणारी वस्तू केली. ॲडानोची घंटाही वेळच सांगायची. लढाईतनं गेलेल्या इटालियन माणसाला कळलंय की गावाला आपली वेळ असावी लागते आणि त्या वेळेत मेलेल्याला जागा असावी लागते. आमच्या वस्तीची वेळ मात्र दुसरेच ठरवतात. पाणी कधी येणार, बुलडोझर कधी येणार, फाईल कधी हलणार.

आता पिक्चरचं खरं दुखणं सांगतो. मेजर चांगला आहे, पण सगळं त्या एकट्याच्या चांगुलपणावर चाललंय. गाव टोपी हातात धरून उभं आहे. उद्या मेजरची बदली झाली आणि त्या जनरलचा भाऊ खुर्चीत बसला तर? गाड्या पुन्हा बंद. पिक्चर तिथं संपतो म्हणून बरं. आमचा पिक्चर तिथं संपत नाही, तिथनं सुरू होतो. किती मेजर आले आमच्याकडं! कुणी खादीतला, कुणी सफारीतला, कुणी एनजीओचा झोळीवाला. चार दिवस आपुलकीनं विचारलं, काय पाहिजे? आणि बदली होऊन गेले.

त्या गाड्यांची आणि त्या घंटेची मला एकाच ठिकाणी एकत्र गाठ पडते. महाड. २० मार्च १९२७. चवदार तळं. तिथं कोणी मेजर नव्हता. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी घेतलं आणि मागनं हजारो माणसं उतरली. तहान लागली होती म्हणून नाही. ते पाणी प्यालो नव्हतो म्हणून काय मेलो होतो? इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत एवढं ठरवायला तळ्यावर गेलो, हे बाबासाहेबांनीच महाडला सांगितलं. ॲडानोत पाण्याची गाडी वेगळी आणि घंटा वेगळी, आणि दोन्ही साहेबाच्या हातनं आल्या. महाडला पाणी हीच घंटा होती आणि ती आमच्याच हातानं वाजली. आधी भाकर की आधी घंटा, या भांडणाचं उत्तर १९२७ सालीच देऊन झालंय. जी भाकर हक्कानं घेतली तीच घंटा. जी भीक म्हणून पडली ती फक्त भाकर.

म्हणून दोन गोष्टी आपल्याच माणसांना ऐकवतो, राग आला तर आला. आपल्यातल्या काही पुढाऱ्यांनी घंटेचा धंदा केलाय. चौकात पुतळ्याला हार, फोटो, बॅनरवर स्वतःचं थोबाड बाबासाहेबांपेक्षा मोठं, आणि मागच्या गल्लीत संडासाला रांग आणि पाण्याला टँकर. ज्यानं घंटा दाखवून पाण्याची गाडी अडवली तो त्या जनरलचाच हस्तक आहे, मग त्याच्या गळ्यात निळा पंचा का असेना. आणि जो म्हणतो आधी संडास घ्या, पुतळ्याचं नंतर बघू, त्यालाही ओळखून ठेवा. त्याला पुतळ्याची अडचण आहे, संडासाचा कळवळा नाही.

रमाबाई नगरच्या पुनर्विकासाचं काम सरकारी यंत्रणांनी हाती घेतलंय. टॉवर होतील, लिफ्ट येईल. येऊ दे, झोपडीत राहायची आम्हाला हौस नाही. पण नकाशा टेबलावर आला की चार प्रश्न आपण विचारायचे, कोण मेजर येऊन विचारेल याची वाट बघायची नाही. पुतळा कुठं उभा राहणार? त्या दहा जणांची नावं कुठल्या भिंतीवर, किती मोठ्या अक्षरात? विहार आणि अभ्यासिका तळमजल्यावर की पार्किंगच्या मागं? आणि पाणी किती वाजता येणार, ते कोण ठरवणार? चारही प्रश्न एकाच कागदावर लिहायचे. पुतळ्याचा वेगळा अर्ज आणि पाण्याचा वेगळा अर्ज द्यायचा नाही. वेगळे केले की एक मंजूर करतात, दुसरा कचऱ्यात टाकतात, आणि वर म्हणतात, अर्धं तर दिलं ना.

रात्री दीडला खोली बंद करताना तो पहिला पोरगा, रोज घंटा मिळते म्हणणारा, मला म्हणाला, "भावा, आजपासून कोणी विचारलं काय पाहिजे, तर मी पण म्हणणार घंटा. बघू हसतो का कोण."

हसू द्या. आपण कागद लिहायला घेऊ.

जय भीम.